मेंदूला मार लागलेल्यांचा रकाना



दिव्यांग प्रमाणपत्राच्या अर्जात एक रकाना असतो, दिव्यांगत्वाचा प्रकार. ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, ज्याचा पाय गेला आहे, त्याला हा रकाना भरायला फार विचार करावा लागत नाही. पण मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागलेल्या माणसाने तिथे काय लिहायचं? हात, पाय, डोळे, कान सगळं जागच्या जागी आहे. पण सकाळी काय खाल्लं ते संध्याकाळी आठवत नाही. पैसे मोजताना गोंधळ होतो. ओठावर आलेला शब्द सापडत नाही. गॅस सुरू ठेवून बाई अंगणात जाऊन बसते. शांत स्वभावाचा नवरा एकाएकी अंगावर धावून येतो. गावात अशा माणसाबद्दल एवढंच बोललं जातं, "डोकं फिरलं त्याचं." आणि सरकारी कागदावर तर बरीच वर्षं त्याच्यासाठी शब्दच नव्हता.

कायद्याने अपंग कोणाला म्हटलं, कोण बाहेर राहिलं आणि आज या माणसांसाठी कोणती दारं उघडी आहेत, ते आज आपण पाहू. हा इतिहास दिल्ली-मुंबईचा आहे, तसा आपल्या नागपूरचाही आहे.

आधी ही इजा कशी होते ते पाहू. जन्मानंतर कधीही मेंदूला जी दुखापत होते, तिच्याबद्दल आपण बोलतो आहोत. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम जाणारे दोन मोठे राष्ट्रीय महामार्ग नागपुरात एकमेकांना मिळतात. त्यामुळे अपघात आपल्याला नवे नाहीत. पण अपघात हे एकच कारण नाही. आपण ज्याला लकवा म्हणतो तो पक्षाघात म्हणजे मेंदूचीच इजा. मेंदूतली रक्तवाहिनी बंद होते किंवा फुटते आणि तेवढा भाग निकामी होतो. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने ८६ गावांतल्या मृत्यूंची पाहणी केली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण पक्षाघात निघालं. साधारण सातातला एक मृत्यू त्याने झाला होता. जे वाचतात ते घरी येतात, आणि त्यांना सांभाळणारी बहुतेक वेळा एखादी बाईच असते.

आणखीही कारणं आहेत. पूर्व विदर्भात मेंदूज्वर होतो, मेंदूत चढणारा मलेरिया होतो. सिकलसेलच्या रुग्णाला लहान वयातही लकवा मारू शकतो. बाळंतपणात रक्तदाब वाढून झटके आले, तरी मेंदूला इजा होऊ शकते. झाडावरून, छतावरून, ट्रॅक्टरवरून माणूस पडतो. आणि घरातल्या मारहाणीत बाईचं डोकं भिंतीवर आपटलं जातं, ती इजाही यातच येते. फक्त ती दवाखान्याच्या कागदावर "पाय घसरून पडली" अशी लिहिली जाते.

आता इतिहासाकडे वळू.

इंग्रजांच्या काळात १९१२ साली वेड्यांबद्दलचा एक कायदा झाला. मनाचं संतुलन ठिकाणावर नसलेल्या माणसाला कोणाच्या हुकमाने वेड्यांच्या इस्पितळात ठेवायचं आणि त्याच्या मालमत्तेची देखभाल कोणाकडे द्यायची, हा त्या कायद्याचा मुख्य विषय होता. नागपुरात असं इस्पितळ एकोणिसाव्या शतकापासूनच होतं. आजचं प्रादेशिक मनोरुग्णालय ते हेच. या कायद्याच्या नजरेत जन्मापासून मंद बुद्धीचं मूल, मनाचा आजार झालेली बाई आणि डोक्याला मार लागून स्मृती गेलेला माणूस यांत फरक नव्हता. माणसाला पेन्शन, प्रशिक्षण किंवा मदत द्यावी, असा विचार त्यात नव्हता. स्वातंत्र्यानंतरही हाच कायदा चालला. १९८७ साली मानसिक आरोग्याचा नवा कायदा मंजूर झाला आणि तो १९९३ मध्ये लागू झाला, तेव्हा कुठे जुना कायदा गेला.

मदतीचा पहिला मोठा विचार आपल्या राज्यात १९८० साली झाला. संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. आपल्या गटांतल्या कितीतरी बायकांना ही योजना विधवा आणि परित्यक्तांसाठी म्हणून माहीत आहे. पण तिच्या लाभार्थ्यांच्या यादीत अपंग आहेत आणि आजारी माणसंही आहेत. क्षयरोग, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग यांच्या जोडीला त्या यादीत एक शब्द आहे, पक्षाघात. अशा आजारामुळे ज्याला स्वतःचं पोट भरता येत नाही, तो स्त्री असो वा पुरुष, या योजनेत बसू शकतो. हा शब्द लक्षात ठेवा, त्याच्याकडे आपण परत येऊ.

१९८१ हे संयुक्त राष्ट्रांनी अपंगांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलं. त्यानंतर आपल्याकडे अपंगत्वाच्या व्याख्या ठरवायला सुरुवात झाली. पुढे दिल्लीत जावेद आबिदी यांच्यासारख्या स्वतः अपंग असलेल्या कार्यकर्त्यांनी संसदेने कायदा करावा म्हणून रेटा लावला आणि १९९५ च्या डिसेंबरात अपंग व्यक्तींचा कायदा मंजूर झाला. ७ फेब्रुवारी १९९६ पासून तो लागू झाला. शिक्षणात जागा, नोकरीत राखीव पदं, योजनांत वाटा, असं बरंच काही त्याने दिलं. त्यात सात प्रकार होते: अंधत्व, कमी दिसणं, कुष्ठरोगातून बरे झालेले, ऐकू न येणं, हातापायांचं अपंगत्व, मतिमंदत्व आणि मानसिक आजार. आणि एक अट होती, अपंगत्व किमान ४० टक्के असायला हवं.

या सात प्रकारांत डोक्याला मार लागलेला माणूस कुठे बसतो, ते एकेक करून पाहू.

हातापायांच्या अपंगत्वाची व्याख्या हाडं, सांधे आणि स्नायू यांच्यावर बेतलेली होती. मेंदूचा उल्लेख एकाच ठिकाणी होता, सेरेब्रल पाल्सी या प्रकारात. आणि तिथे कायद्याने स्पष्ट म्हटलं होतं की मेंदूची ही इजा पोटात असताना, जन्मताना किंवा तान्हेपणी झालेली असावी. मतिमंदत्वाची व्याख्या होती, बुद्धीची वाढ खुंटणं किंवा अपुरी राहणं. आता तिशीतल्या बाईची बुद्धी पुरती वाढलेली होती. ती गटाची वही लिहीत होती, बँकेत जात होती. अपघाताने ते सगळं गेलं. तिची वाढ खुंटली असं कसं म्हणायचं? राहिला मानसिक आजार. त्याची टक्केवारी मोजायची पद्धत २००२ साली आली, तेव्हा ती चारच आजारांसाठी होती: स्किझोफ्रेनिया, मंत्रचळ, उन्माद-नैराश्याचा आजार आणि स्मृतिभ्रंश. डोक्याला मार लागल्याने बदललेला स्वभाव आणि गेलेलं भान त्यांत नव्हतं.

मैत्रिणींनो, गंमत नाही, पण विचार करण्यासारखी गोष्ट पाहा. बाळंतपणात गुदमरून बाळाच्या मेंदूला इजा झाली तर कायदा त्याला ओळखत होता. तशीच इजा त्याच बाळाच्या आईला तिसाव्या वर्षी झाली तर ओळखत नव्हता. दोघांनाही भरवावं लागत होतं, दोघांनाही एकटं सोडता येत नव्हतं. फरक होता तो इजा झाली त्या दिवशीच्या वयाचा.

आपल्याच देशात असं झालं असं नाही. अमेरिकेत वाढीच्या वयातल्या अपंगत्वासाठी ज्या सेवा आहेत, त्यांच्या केंद्रीय कायद्यात अपंगत्व २२ वर्षं पूर्ण होण्याआधी आलेलं असावं, अशी अट आहे. तिथे १९९० साली शाळांच्या कायद्यात मेंदूला मार लागलेल्या मुलांचा वेगळा प्रकार घालावा लागला. कारण तोपर्यंत ती मुलंही कुठल्याच रकान्यात धड बसत नव्हती.

न्यायाने बोलायचं तर १९९५ नंतर काहीच झालं नाही असं नाही. २००१ साली केंद्र सरकारने अपंगत्व मोजण्याच्या सूचना काढल्या. त्यांत मज्जासंस्थेच्या आजारांचाही भाग होता. त्यात एक चांगलं तत्त्व होतं: मोजायचा तो आजार नव्हे, आजाराचा परिणाम. इजेनंतर साधारण सहा महिन्यांनी तपासणी करायची, कारण तोवर सुधारणा होत असते. त्यामुळे लकव्याने हात-पाय लुळा पडलेल्या माणसाला प्रमाणपत्र मिळण्याची वाट झाली. पण दिसणारा लुळा हात आणि न दिसणारी गेलेली आठवण यांत हाताचं पारडं जड राहिलं.

१९९९ साली आणखी एक कायदा आला, राष्ट्रीय न्यासाचा. आपल्या माघारी आपल्या मुलाचं काय, या आईबापांच्या प्रश्नातून तो आला. मूल १८ वर्षांचं झालं की कायद्याने ते सज्ञान होतं. मग त्याच्या वतीने सही कोण करणार? या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिला पालक ठरवण्याचा अधिकार दिला. मोठी सोय झाली. पण ती चार प्रकारांसाठीच: स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता. अपघाताने मेंदू गेलेल्या नवऱ्याची बायको या समितीपुढे गेली, तर तिचा नवरा यांत सहसा बसत नाही.

या सगळ्या काळात महाराष्ट्रात एक बाई मेंदूच्या इजेसह जगत होती. अरुणा शानबाग. मुंबईच्या केईएम रुग्णालयातली तरुण परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका कामगाराने तिच्यावर लैंगिक अत्याचार केला, कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला. मेंदूला रक्त पोचलं नाही. त्यानंतर ती ४२ वर्षं त्याच रुग्णालयात राहिली आणि १८ मे २०१५ रोजी तिथेच वारली. तिचं नाव आपण ऐकतो ते इच्छामरणाच्या खटल्यामुळे. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तेव्हा तिच्या वतीने बोलण्याचा हक्क न्यायालयाने केईएममधल्या तिच्या सहकाऱ्यांना दिला, कारण तिला न्हाऊ-खाऊ घालणाऱ्या त्याच होत्या. पण आजच्या विषयाच्या बाजूने पाहिलं तर तिच्या आयुष्यात वेड्यांचा जुना कायदा होऊन गेला, निराधार योजना आली, १९९५ चा कायदा आला, न्यासाचा कायदा आला. तिला जगवलं ते परिचारिकांच्या एका पिढीने, मग दुसऱ्या पिढीने, आपल्या खात्यातली बाई म्हणून. ज्या बाईला असे सहकारी नाहीत, तिच्या मागे घरची माणसं. आणि घरच्यांनीही सोडलं तर?

आता प्रश्न पडतो की सात प्रकार कोणी ठरवले? कुष्ठरोग त्यात कसा आला आणि मेंदूची इजा का नाही आली?

याचं उत्तर शोधायला विदर्भातच पाहावं लागेल. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण, अमरावतीला तपोवनात शिवाजीराव पटवर्धन, वरोऱ्याला आनंदवनात बाबा आमटे आणि साधनाताई, यांनी कुष्ठरोग्यांसाठी आयुष्य वेचलं. रोग बरा झाला तरी बोटं गेलेली असतात आणि समाज जवळ घेत नाही, हे त्यांनी देशाला दाखवून दिलं. असं काम मागे उभं असलं की कायद्यात जागा होते.

दुसरं उदाहरण तर थेट नागपूरचं आहे. सिकलसेल हा आपल्या भागातल्या आदिवासी आणि दलित वस्त्यांतला जुना आजार. हातपाय दुखतात, रक्त कमी होतं, मूल शाळा बुडवतं, पण बाहेरून काही दिसत नाही. नागपूरचे संपत रामटेके यांच्या स्वतःच्या घरात हा आजार होता. त्यांनी सिकलसेलच्या कुटुंबांना एकत्र आणलं आणि या रुग्णांना अपंगांच्या कायद्यात जागा मिळावी म्हणून वर्षानुवर्षं सरकारदरबारी पाठपुरावा केला. २०१६ च्या नव्या कायद्यात सिकलसेलचं नाव आलं. रामटेके यांना २०१८ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. म्हणजे देशाच्या कायद्यातला एक शब्द मिळवण्यात आपल्या नागपूरच्या माणसाचा मोठा हात आहे.

मेंदूला मार लागलेल्यांच्या बाबतीत असं एकत्र येणं कठीण असतं. सिकलसेल घराण्यात असतो, वस्तीत असतो, नातेवाईक एकमेकांना ओळखतात. अपघात मात्र एका घरी आज होतो, दुसऱ्या गावात चार महिन्यांनी. रुग्णाला स्वतः बोलता येत नाही आणि सांभाळणारीला घराबाहेर पडता येत नाही. मग मोर्चात जायचं कोणी? मला वाटतं, त्यांचं नाव यादीत न येण्याचं हे एक मोठं कारण आहे.

२००६ साली संयुक्त राष्ट्रांनी अपंगांच्या हक्कांचा करार केला. भारताने २००७ मध्ये त्याला मान्यता दिली. कराराने विचारच बदलला. अपंगत्व म्हणजे शरीरातला दोष एवढंच नव्हे, तर तो दोष आणि समाजातले अडथळे यांची गाठ पडली की माणूस मागे राहतो, असं त्याने म्हटलं. त्याला धरून नवा कायदा करायचा होता. डिसेंबर २०१६ मध्ये दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा संसदेने मंजूर केला आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. सातचे एकवीस प्रकार झाले.

या एकविसांतही मेंदूची इजा हे नाव नाही. पण शब्द बदलले आहेत, आणि आपल्याला नेमकं तेच समजून घ्यायचं आहे.

पहिला बदल हातापायांच्या व्याख्येत. हाडं-सांधे-स्नायूंच्या जोडीला आता मज्जासंस्था हा शब्द आला. म्हणजे मेंदूच्या इजेने हालचाल गेली, तर ती कोणत्याही वयात गेलेली असो, कायद्याच्या शब्दांत बसते.

दुसरा बदल वाचेचा. वाचा आणि भाषा यांचं कायमचं अपंगत्व हा प्रकार नव्याने आला. त्यात मज्जासंस्थेच्या कारणाने बोलणं जाणं स्पष्ट लिहिलं आहे. लकव्यानंतर किंवा डोक्याला मार लागल्यावर ज्यांना शब्द सापडत नाहीत किंवा दुसऱ्याचं बोलणं उमजत नाही, त्या आजाराला डॉक्टर वाचाघात म्हणतात. तो यात नावाने आहे.

तिसरा बदल बुद्धीचा. मतिमंद हा शब्द जाऊन बौद्धिक दिव्यांगत्व आलं. विचार करणं, शिकणं, अडचण सोडवणं आणि रोजचे व्यवहार यांत मोठी मर्यादा, अशी त्याची व्याख्या आहे. वाढ खुंटली हे शब्द या व्याख्येतून गेले.

चौथा, मानसिक आजार. त्याच्या व्याख्येत विचार, भावना, भान आणि स्मृती यांत मोठा बिघाड होऊन रोजचं जगणं कठीण होणं, असं म्हटलं आहे. स्मृती हा शब्द त्यात आहे.

पाचवा, मज्जासंस्थेचे जुनाट आजार. इथे दोन आजारांची नावं दिली आहेत, पण त्यांच्याआधी "यांसारखे" या अर्थाचा शब्द आहे. आणि सहावा, एकापेक्षा जास्त अपंगत्व एकत्र असणं.

दारं सहा झाली, पण ४० टक्क्यांचा उंबरठा तसाच आहे. आणि मेंदूच्या इजेत खरी गोम इथेच आहे. मेंदू हा सगळ्या शरीराचा कारभारी. त्याला मार लागला की थोडं नुकसान हाताचं होतं, थोडं बोलण्याचं, थोडं आठवणीचं, थोडं नजरेचं. एकेक नुकसान चाळिसाच्या आत राहतं आणि सगळी मिळून माणूस घरात बसतो.

समजा, एका बाईला लकवा मारला. हातापायाची तपासणी झाली, ३० टक्के निघाले. कोणी पुढे विचारलं नाही, तर तिचं काम तिथेच थांबलं. पण तिची वाचाही तपासली आणि तिथे २५ टक्के निघाले, तर? नियमात दोन्ही एकत्र करण्याची रीत आहे. सरळ बेरीज करायची नाही. मोठा आकडा ३०. नव्वदातून तो वजा केला, राहिले ६०. लहान आकडा २५, त्याला ६० ने गुणायचं आणि ९० ने भागायचं. आले १६.६७. ते ३० मध्ये मिळवले की झाले जवळपास ४७. बाई तीच आहे, इजा तीच आहे. ३० वर ती बाहेर होती, ४७ वर आत आली. आपण गटात व्याजाचा हिशेब करतो, त्याहून हा हिशेब अवघड नाही.

म्हणून तपासणीला जाताना डॉक्टरांना घरातलं सगळं सांगायचं. ती मीठ दोनदा घालते, घराची वाट चुकते, नोटा ओळखत नाही, रात्री झोपत नाही. हे सांगायला लाज वाटते, आणि रुग्ण स्वतः तर "मला काही झालं नाही" असंच म्हणतो, कारण आपल्याला काय झालं हे न कळणं हादेखील या इजेचाच भाग असू शकतो. सोबत जाणाऱ्या बाईने पंधरा दिवसांच्या अशा गोष्टी एका वहीत लिहून नेल्या तर फार उपयोग होतो. हातापायांसोबत वाचा, नजर, ऐकणं, बुद्धी आणि मानसिक स्थिती या सगळ्यांची तपासणी व्हावी, अशी विनंती करता येते.

कागदांचंही सांगते. अपघात झाला तेव्हाचं दवाखान्याचं सुटीचं कार्ड, डोक्याच्या स्कॅनचा अहवाल, पोलिसांत नोंद झाली असेल तर तिची प्रत, हे सगळं जपून ठेवायचं. मारहाण झाली असेल तर कागदावर तेच लिहून घ्यायचं. आजचं प्रमाणपत्र १ जून २०२१ पासून ऑनलाइनच मिळतं. यूडीआयडीच्या संकेतस्थळावर अर्ज भरावा लागतो आणि मग ठरलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणी होते. सुधारणा होण्याची शक्यता असेल तर ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्र देतात. त्यावरची तारीख पाहून ठेवा आणि ती संपण्याआधी पुन्हा अर्ज करा. प्रमाणपत्र नाकारलं तर कारण लेखी मागा. त्या निर्णयाविरुद्ध अपील करण्याचा हक्क कायद्याने दिला आहे.

आता त्या पक्षाघात शब्दाकडे परत येऊ. ४० टक्के भरत नाहीत, पण लकव्यामुळे कमावता येत नाही, अशा माणसाला संजय गांधी योजनेचं आजाराचं दार आहे. त्यासाठी वैद्यकीय दाखला, राज्यातलं १५ वर्षांचं वास्तव्य आणि उत्पन्नाची अट असते. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न सर्वसाधारण लाभार्थ्याला २१ हजार आणि दिव्यांगाला ५० हजार रुपयांच्या आत लागतं. अनुदान २०२३ मध्ये दरमहा १,५०० रुपये झालं. २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी ते २,५०० करण्याचा निर्णय झाला. म्हणजे आपलं नाव कोणत्या रकान्यात बसतं याला आता दरमहा हजार रुपयांची किंमत आहे. दिव्यांग म्हणून पात्र असलेल्या माणसाने आजारी म्हणूनच अर्ज करून थांबू नये.

ग्रामपंचायतीलाही आपल्या उत्पन्नातला ५ टक्के हिस्सा दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. ग्रामसभेत हा पैसा कुठे गेला हे विचारण्याचा हक्क प्रत्येक बाईला आहे. आपल्या गावात मेंदूची इजा झालेलं कोणी असेल तर त्या यादीत त्यांचं नाव आहे का, हेही तिथेच विचारता येईल.

शेवटी सहीचा प्रश्न. नवरा बेशुद्ध पडून आहे, बँकेत त्याच्या नावावर पैसे आहेत, दवाखान्याचं बिल वाढतं आहे आणि बायकोला ते काढता येत नाहीत. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाची आई जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जाऊ शकते. या बायकोला मात्र उच्च न्यायालयात जावं लागलं. २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा एका बाईला तिच्या नवऱ्याची पालक नेमलं. बेशुद्धावस्थेतल्या माणसासाठी पालक नेमण्याची ठरलेली तरतूद कुठल्याच कायद्यात नाही, म्हणून न्यायालयाने आपला घटनात्मक अधिकार वापरला. २०१६ च्या कायद्यात जिल्हा न्यायालयाकडून मर्यादित पालक नेमून घेण्याची सोय आहे, तिची चौकशी जरूर करा. आणि वकिलाच्या फीला घाबरू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो.

मैत्रिणींनो, हे सगळं पाहिल्यावर एक गोष्ट मला स्पष्ट दिसते. कायद्याच्या यादीत नावं आपोआप येत नाहीत. कुष्ठरोग्यांमागे आश्रम उभे राहिले, सिकलसेलमागे नागपूरची कुटुंबं उभी राहिली. २०१६ च्या कायद्यात नवा प्रकार घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिलेला आहे. म्हणजे यादी अजून बंद झालेली नाही. मेंदूची इजा हा शब्द तिच्यात आणायचा असेल, तर आधी अशी घरं किती आहेत हे कोणीतरी मोजायला हवं. आपल्या गटाला गावातलं प्रत्येक घर माहीत असतं. कोणाचा नवरा अपघातानंतर बदलला, कोणती सून बाळंतपणानंतर गप्प झाली आणि माहेरी पाठवली गेली, हे आपल्याला आशाताईंइतकंच ठाऊक असतं.

पुढच्या मासिक बैठकीत बचतीचा हिशेब झाला की दहा मिनिटं यासाठी ठेवा. गावातल्या अशा घरांची यादी करा. प्रत्येकाकडे प्रमाणपत्र आहे का आणि तपासणी कशाकशाची झाली होती, एवढे दोनच प्रश्न विचारा. जिथे फक्त हात-पाय तपासले गेले असतील, तिथे पुन्हा अर्ज करायला त्या बाईसोबत गटातली एक जण जाऊ द्या. घरात माणूस सोडून तिला तालुक्याला जाता येत नसेल, तर दुसऱ्या एकीने तेवढा वेळ तिच्या घरी बसावं. एवढं आपल्याला सहज जमेल.